शरद जोशी (खुर्द)

व्यक्तिचित्र लिहायचं तर माणसाचं नाव बदलायची रीत आहे. उद्या जिन्यात गाठ पडली तर तोंड लपवावं लागू नये म्हणून कुलकर्ण्यांचे देशपांडे करतात, आणि तरीही धाकधूक वाटली तर त्यांना सोलापूरला नेऊन ठेवतात. मला तो खटाटोप करायची गरज नाही. आमच्या शेजाऱ्यांचं नाव शरद जोशी. खुशाल छापा. या नावामागे दडलेला माणूस पोलिसांनाही सापडायचा नाही.

त्यांच्या दारावर पितळी पाटी आहे : 'शरद जोशी (खुर्द)'. नवख्या माणसाला वाटतं, पाटी करणाऱ्यानं गावाचं नाव गाळलं असेल. सोसायटीतली पोरं त्यांना सरळ 'खुर्द आजोबा' म्हणतात. पाटी वाचून कुणी बेल दाबली की पुढचा संवाद ठरलेला.

"शरद जोशी इथंच राहतात ना?"

"कोणते?"

"म्हणजे... किती राहतात?"

"इथे एकच. पण तुम्हांला कोणते हवेत?"

कुरिअरचा मुलगा गांगरतो. मग जोशीकाका चष्मा कपाळावरून नाकावर आणतात, पाकीट दोन बोटांत धरतात आणि पत्ता वाचतात, तो खालून वर. आधी पिनकोड, मग शहर, मग पेठ, मग इमारत आणि सगळ्यांत शेवटी नाव. छत्तीस वर्षं आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, सॉर्टिंग केलेला माणूस पत्ता असाच वाचतो. "नाव हा पत्त्यातला सगळ्यांत निरुपयोगी भाग," हे त्यांचं लाडकं मत. "नावावरून पत्र पोचलं असतं तर सरकारनं आम्हांला पगार कशाला दिला असता?"

खुर्द-बुद्रुकाची भानगडही पोस्टातलीच. एकाच नावाची दोन गावं शेजारीशेजारी असली की थोरल्याला बुद्रुक म्हणायचं आणि धाकट्याला खुर्द. दोन्ही शब्द फारसीतून आले. बुद्रुक म्हणजे मूळचा बुजुर्ग, खुर्द म्हणजे लहान. एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव रासाई, वडगाव निंबाळकर, वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द. पत्र लिहिणारा मात्र 'मु. पो. वडगाव' एवढंच लिहून मोकळा. त्याच्या दृष्टीनं जगात वडगाव एकच, तिथे त्याची आत्या राहते. सगळी वडगावं सॉर्टरच्या डोक्यात. समोर भिंतभर लाकडी खण, हातात पत्रांची जुडी, आणि पत्र हातातून सुटायच्या आत ठरवायचं की ही आत्या मावळातली की शिरूरकडची.

"या दुखण्यावर औषध काढलं ते आपल्याच माणसानं," हे सांगताना काका खुर्चीत जरा सरळ बसतात. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात पिनकोड आला. त्यामागचं डोकं श्रीराम भिकाजी वेलणकरांचं. पोस्ट खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतातले कवी. "संस्कृत कवीच हे करू जाणे. एका शब्दाचे दहा अर्थ आणि दहा शब्दांचा एक अर्थ, यात आयुष्य घातलेला माणूस. त्यानं बघितलं, शब्दांवर विसंबण्यात अर्थ नाही. सरळ सहा आकडे दिले." मग सुस्कारा सोडतात : "गावांची सोय झाली हो. माणसांची राहिली."

माणसांची राहिली, कारण माणसांचं बारसं फॅशनवर होतं. काकांच्या पिढीत ऋतूंची लाट होती. वर्गात तीन शरद, चार वसंत आणि एक हेमंत. शिशिर कुणी ठेवत नसे, आणि ग्रीष्मावर कुणाची हिंमत नव्हती. मास्तर हजेरी घेताना 'शरद उंच, शरद चष्मा, शरद शेंबडा' अशी वर्गवारी करत. त्यातले आपण कोण, हे काका सांगत नाहीत. मागाहून संजय आले, सचिन आले, हल्ली वर्गात आरव मावत नाहीत. मधे वडिलांचं नाव घालायची आपली मराठी पद्धत हा काकांच्या मते पिनकोडाचाच पहिला प्रयोग. फसला, कारण वडिलांचंही बारसं फॅशनवरच झालेलं.

आडनावाची गंमत निराळी. जोशी हे मुळात आडनाव नव्हे, धंदा : ज्योतिष पाहणारा तो जोशी. आज जोशी गातात, बँका चालवतात, दात काढतात, मुख्यमंत्री होतात; ज्याच्या त्याच्या पत्रिकेत असेल ते करतात. पत्रिका बघायला मात्र भलत्याच आडनावाच्या माणसाकडे जातात.

तरी १९८० सालापर्यंत काका साधे शरद जोशी होते. त्या साली चाकणच्या कांद्यावरून आणि मग नाशिककडच्या ऊस-कांद्यावरून शेतकरी रस्त्यावर बसले, महामार्ग अडले, आणि रोज पहिल्या पानावर एकच नाव येऊ लागलं : शरद जोशी. "मी सकाळी दाढी करता करता वाचतो, तर 'शरद जोशी यांना अटक'. हात थरथरला, हनुवटी कापली. हे बघा." हनुवटीवर एक पांढरी रेघ आहे. ती त्याच दिवशीची, यावर काकूंचा विश्वास नाही.

पुढची माहिती कळली तेव्हा तर काकांना भरून आलं. शेतकऱ्यांचे हे शरद जोशी मूळचे पोस्ट खात्यातलेच! भारतीय डाक सेवेतले अधिकारी, पुढे स्वित्झर्लंडला बर्नमध्ये जागतिक टपाल संघाच्या कचेरीत. ती नोकरी सोडून आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन कसायला लागले. एकच नाव, एकच खातं. एक बर्नला, दुसरा पुणे स्टेशनवर, रात्रपाळीला. "त्या दिवशी मी ठरवलं," काका म्हणतात, "ते बुद्रुक, आपण खुर्द."

पाटी बदलायला तेवढं कारण पुरेसं झालं नसतं. ती बदलली एका कांद्याच्या गोणीनं. एका सकाळी दारात धोतर नेसलेला, छातीवर संघटनेचा लाल बिल्ला लावलेला एक म्हातारा शेतकरी उभा, आणि शेजारी गोणी. 'शरद जोशी, पुणे' एवढ्या भांडवलावर तो निफाडहून निघाला होता आणि विचारत विचारत नेमका काकांच्या दारी पोचला होता. विचारलं कुणाला? तर पोस्टमनला. पोस्टमनला ठाऊक असलेले शरद जोशी एकच, खात्यातले.

"सायेब हायेत का?"

"मी शरद जोशी, पण..."

म्हाताऱ्यानं पुढचं ऐकलंच नाही. वाकून पायांना हात लावला. काकांना बोलायला सुधरेना. काकू चहा घेऊन बाहेर आल्या, त्यांच्याही पायांना हात. मग तासभर म्हाताऱ्यानं भावाचं, बियाण्याचं, अडत्याच्या काट्याचं सगळं गाऱ्हाणं सांगितलं आणि काकांनी ते खात्याच्या शिस्तीप्रमाणे पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतलं. नंतर धीर करून खरं काय ते सांगितलं. म्हातारा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मंग तुमी बी जोशी, त्ये बी जोशी. लिवून घेतलंय न्हवं? पोचवा तेवढं."

काकांनी पोचवलं. गोणी परत न्यायला म्हातारा तयार होईना, तेव्हा अख्ख्या सोसायटीत दोन-दोन किलो वाटली. त्या आठवड्यात आमच्याकडे रोज पिठलं आणि कांदाभजी. यानंतर कितीतरी वर्षं अशी पत्रं येत राहिली : 'आदरणीय शरद जोशी, पुणे'. काका एकही उघडत नसत. पाकिटावर पुणे खोडायचे, वर ठळक लिहायचे 'अंगारमळा, आंबेठाण, ता. खेड, ४१०५०१', आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'खुर्द मार्फत बुद्रुक'. उत्तर कधी आलं नाही. येण्याचं कारणही नव्हतं. सॉर्टरला कोण उत्तर पाठवतो?

एका बुद्रुकापर्यंत सगळं ठीक होतं. पण नियतीकडे त्याच नावाचं आणखी एक थोरलं गाव शिल्लक होतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर काका-काकू इंदूरला एका लग्नाला गेले. काकूंच्या भाच्यानं वरपक्षाशी ओळख करून दिली, "हे पुण्याचे शरद जोशी." मांडवात एकदम शांतता. मग एक, दोन, दहा माणसं उठून पुढे आली, हात हातात घेऊ लागली. काकांना वाटलं, कांद्याची कीर्ती माळव्यात पोचली. तर नाही. हिंदीत शरद जोशी नावाचे थोर व्यंगकार. जन्म जवळच उज्जैनचा. कविसंमेलनाच्या मंचावर चक्क गद्य वाचून हजारोंचा जमाव हसवणारे. नुकतंच दूरदर्शनवर 'ये जो है ज़िंदगी' गाजत होतं, तेही त्यांनीच लिहिलेलं.

"मी किती सांगितलं की ते मी नव्हे. ते जास्तच हसायला लागले. त्यांना वाटलं, व्यंग सुरू झालं."

रात्री जेवणं झाल्यावर काकांना माईकपुढे उभं केलं. आयुष्यात ज्यांनी कधी विनोद पूर्ण सांगितला नाही (शेवट आधी सांगून मग सुरुवात आठवायची, ही त्यांची पद्धत), ते जोशीकाका घामाघूम. खिशात हात घातला तर खात्याचं एक परिपत्रक लागलं, हरवलेल्या मनिऑर्डरींबाबत, राजभाषा हिंदीतलं. दुसरा उपाय नव्हता. तेच वाचायला घेतलं. पहिल्याच 'उपर्युक्त विषय के संदर्भ में'ला खसखस पिकली. 'धनादेश प्राप्तकर्ता की अनुपलब्धता की दशा में' इथे एक फेटेवाले काका खुर्चीवरून घसरले. शेवटच्या 'प्रतिलिपि सूचनार्थ अग्रेषित'ला वन्स मोअर. परत येताना गाडीत काका फारच गंभीर होते. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "अगं, हेच परिपत्रक आम्ही ऑफिसात सगळ्यांनी सह्या करून वाचलं होतं. कुणालाच हसू आलं नाही. माणसाचं नाव बदललं की कागदाचा अर्थ बदलतो."

तिथून वही सुरू झाली. लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याकडे असते तशी लांबट. पहिल्या पानावर मथळा : 'नावभाऊ'. मावसभाऊ, आतेभाऊ, गुरुभाऊ असतात तसा नावभाऊ, हा त्यांचाच शब्द. प्रत्येक नावाला एक पान, पानावर खण, खणात माणूस आणि त्याचा उद्योग.

जोशी घराण्याची पानं अर्थातच समृद्ध. 'सुधीर जोशी' या पानावर दोन खण : एक शिवसेनेचे, मुंबईचे महापौर, पुढे मंत्री, दुसरे नट, 'अशी ही बनवाबनवी'तले घरमालक विश्वासराव सरपोतदार. शेरा : 'एकाकडे शहर, एकाकडे खोली. त्रास खोलीवाल्याला जास्त.' 'मोहन जोशी' या पानावर तर तीन. एक नट, नाट्य परिषदेचे अध्यक्ष झालेले. दुसरे पुण्याचे काँग्रेस पुढारी, २०१९ साली लोकसभेला उभे राहिलेले. तिसरा मोहन जोशी जन्मालाच आला नाही, तरी सगळ्यांत जास्त कोर्टाच्या पायऱ्या त्यानंच चढल्या : सईद मिर्झांच्या १९८४ सालच्या 'मोहन जोशी हाज़िर हो!' या चित्रपटातला, घरमालकाविरुद्ध खटला लढणारा म्हातारा. शेरा : 'हाजिर कोण होणार, हे आधी ठरवा.'

पाटलांचं खातं निराळ्या वहीत न्यावं लागलं. त्यात 'विश्वास पाटील' : एकांनी 'पानिपत' लिहिलं, दुसरे कोल्हापूरच्या 'गोकुळ' दूध संघाचे अध्यक्ष झाले. 'विजय पाटील' : एक संगीतकार, ज्यांना जग 'राम-लक्ष्मण' म्हणून ओळखतं, दुसरे मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष झालेले. पहिल्यापुढे काकांनी लिहिलंय : 'हे शहाणे. स्वतःच्या नावात गर्दी बघून दुसरी दोन नावं घेतली.' 'वसंत पवार' : एक 'सांगत्ये ऐका'चे संगीतकार, एक नाशिकचे खासदार, पेशानं डॉक्टर. वहीत राग, लोभ, पक्ष, जात काही नाही. फक्त खण.

वही दाखवताना एका पानावर मात्र काका हटकून थांबतात. २०१४, रायगड. लोकसभेच्या निवडणुकीत सुनील तटकरे २,११० मतांनी पडले, आणि त्याच मतदारसंघात सुनील तटकरे याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं मिळाली. "खुर्दानं बुद्रुकाला बुडवलं," काका म्हणतात; पण त्यात आनंद नसतो. चुकीच्या खणात पडलेल्या नऊ हजार पत्रांकडे सॉर्टर ज्या नजरेनं बघेल, त्या नजरेनं ते त्या आकड्याकडे बघतात. पुढच्याच वर्षी, १ मे २०१५पासून, मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो लावायचा निर्णय निवडणूक आयोगानं अंमलात आणला, तेव्हा काकांनी पेढे वाटले. "चेहरा म्हणजे पिनकोडच की! उशिरा का होईना." मात्र २०२४ साली असल्या नामसाधर्म्याच्या उमेदवारांवर बंदी घाला म्हणून कुणी सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयानं नकार दिला, तेव्हाही ते खूश झाले. आईबापांनी ठेवलेल्या नावामुळे कुणाचा उभं राहायचा हक्क जाऊ नये, हे त्यांना मनापासून पटलं. "बारसं हा गुन्हा नव्हे," एवढंच म्हणाले.

स्वतःवर तशी वेळ येऊन गेली होती म्हणून बोलले. एकदा महापालिकेच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डातून कुणी शरद जोशी उभे राहणार अशी हवा होती. विरुद्ध बाजूचा एक कार्यकर्ता रात्री काकांकडे आला. फॉर्म भरायचा, बाकी काही करायचं नाही, सगळा खर्च आमचा, वर काकूंना साडी. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चप्पल दाखवावी तसं दार दाखवलं. "छत्तीस वर्षांत मी एक पत्र मुद्दाम चुकीच्या खणात टाकलेलं नाही. आता मतं टाकू?"

आधारचं त्यांना मोठं कौतुक. पहिलं कार्ड २०१०मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला दिलं गेलं, ती बातमी कापून वहीत चिकटवली आहे. "गावाला सहा आकडे, माणसाला बारा. म्हणजे गाव शोधण्यापेक्षा माणूस शोधणं दुप्पट अवघड, हे सरकारनं लेखी मान्य केलं."

पण बारा आकडे सगळीकडे विचारतात कुठे? मधुमेहाचं प्रकरण त्यातलंच. एका लॅबमध्ये काका रक्त देऊन आले, संध्याकाळी रिपोर्ट आला : जेवणानंतरची साखर २८०. काकूंनी त्याच रात्री डब्यातून साखर, गूळ आणि आंबावडी हद्दपार केली. अकरा दिवस काकांनी बिनसाखरेचा चहा, कारल्याचा रस आणि काकूंचं भाषण हे तिन्ही दिवसातून दोन वेळा घेतलं. बाराव्या दिवशी लॅबचा फोन : माफ करा, नाव सारखं, रिपोर्ट बदलला.

दुसरा कुणी असता तर लॅबवर जाऊन टेबल आपटलं असतं. काका आधी त्या दुसऱ्या शरद जोश्यांच्या घरी गेले. हडपसरला. तिथे एक भरभक्कम गृहस्थ, टेम्पोचा धंदा, 'रिपोर्ट एकदम नॉर्मल आला' म्हणून अकरा दिवस जिलबी हाणत बसलेले. काकांनी त्यांच्यासमोर त्यांचा खरा कागद ठेवला. म्हणाले, "ही तुमची साखर. अकरा दिवस मी सांभाळली. आता तुमची तुम्ही बघा." गृहस्थ हबकले. पण जाताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, "तुमची कारली फुकट गेली की हो." वहीत नवा खण उघडला : 'शरद जोशी, टेम्पो, हडपसर. गोड माणूस.'

यातूनच त्यांना संमेलनाची कल्पना सुचली. फोनची जाडी पुस्तकं, ओळखीपाळखी, सगळं धुंडाळून पुण्यातल्या शरद जोश्यांना पोस्टकार्डं धाडली. काका धरून नऊ जमले. मी दहावा, बिनजोशी, चहाच्या व्यवस्थेला. ओळखपरेड पाच मिनिटांतच निरर्थक ठरली. उभं राहून जो तो 'मी शरद जोशी' म्हणायचा आणि बाकीचे आठ माना डोलवायचे. मग काकांनी नियम केला : नाव नको, उद्योग सांगा. एक टेम्पोवाले, एक दातांचे डॉक्टर, एक लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवणारे, एक निवृत्त फौजदार, एक शॉर्टहँडचे क्लासेस घेणारे, एक साड्यांना फॉल-पिको करून देणारे, एक आयुष्यभर सरकारी गोदामात उंदीर मोजणारे, एक नुसतेच जावई. नऊ जोश्यांत पत्रिका बघता येणारा एकही निघाला नाही. फौजदारांनी कबूल केलं की १९८०मध्ये बंदोबस्ताला असताना 'शरद जोशीला उचला' असा हुकूम सुटला तेव्हा क्षणभर त्यांनी स्वतःची कॉलर चाचपली होती. क्लॅरिनेटवाले म्हणाले, लग्नाच्या पत्रिकेत बँडवाल्याचं नाव छापत नाहीत, म्हणून बरं आहे. शेवटी फोटो. तो अजून काकांच्या भिंतीवर आहे, खाली टाइप केलेली ओळ : 'डावीकडून : शरद जोशी, शरद जोशी, शरद जोशी, शरद जोशी, शरद जोशी. मागे उभे : शरद जोशी (चौघे). चहा : शेजारी.'

आतापर्यंत वाचकाला वाटलं असेल की हा एक निरुपद्रवी छंद आहे. कुणी काड्यापेट्यांचे छाप जमवतो, कुणी नावभाऊ. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मत बदललं ते मार्च २०१०मध्ये. महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेत आलं आणि मंजूर झालं : बाजूनं १८६, विरुद्ध १. तो एक कोण? खासदार शरद जोशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीचं महिला मंडळ काकांच्या दारात. हे ते नव्हेत, हे सगळ्यांना माहीत होतं. पण पाटी त्या नावाची, तेव्हा जाब द्यायला कुणीतरी हवंच. "काका, सगळ्या देशात तुम्ही एकटेच?" घरातही वारं फिरलेलं, चहा आला तो कोमट, आणि बशीशिवाय.

'माझा काय संबंध' म्हणून सुटता आलं असतं. काका सुटले नाहीत. नगर वाचन मंदिरात जाऊन दोन दिवस जुने अंक चाळून आले आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळापुढे बुद्रुकांची बाजू मांडायला उभे राहिले. म्हणाले, त्यांचा विरोध बायकांना नव्हता, मतदारसंघ फिरते ठेवायच्या पद्धतीला होता. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायकांचं केवढं अधिवेशन त्यांनी भरवलं होतं. त्यांनी 'लक्ष्मीमुक्ती' चालवली, नवऱ्यांना सांगितलं, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्या. आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी तो करून दिला. काका बोलत होते, बायका ऐकत होत्या. वकिली छान चालली होती.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून काकू म्हणाल्या, "अहो, आपला हा फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या... म्हणजे शरद जोशींच्या."

"कोणत्या?"

चाळीस वर्षांच्या संसारात तो प्रश्न काकूंनी पहिल्यांदाच विचारला. सभा हास्यात बुडाली. पण काका हसले नाहीत. पुढच्याच आठवड्यात स्टॅम्पपेपर आणला, माझ्याकडून साक्षीदाराची सही घेतली, आणि सोसायटीच्या भागदाखल्यावर काकूंचं नाव पहिलं लागलं. मी विचारलं तर म्हणाले, "बुद्रुकांनी गावोगाव सांगितलं. खुर्दात राहून गेलं होतं."

मग मला नावभावाचा अर्थ लागला. लोक नावं ठेवतात, नाव काढतात, नाव घालवतात. हे सगळं ज्याच्या त्याच्या वाट्याचं. काकांच्या हिशेबी तसं नव्हतं. एक नाव म्हणजे नऊ बिऱ्हाडांचा वाडा. एकानं नळ चालू सोडला तर सगळ्यांच्या ओट्यावर पाणी, आणि एकानं दारात रांगोळी घातली तर सगळ्यांचंच अंगण बरं दिसतं.

१२ डिसेंबर २०१५. शरद पवारांचा पंचाहत्तरावा वाढदिवस, म्हणून सकाळपासून टीव्हीवर शरद, शरद चाललेलं. त्यात मधेच खाली पट्टी सरकली : शेतकरी नेते शरद जोशी यांचं पुण्यात निधन. आणि आमच्या मजल्यावर काकांचा फोन वाजायला लागला. पहिला मुलाचा, बंगलोरहून, धापा टाकत. मग हडपसरचे टेम्पोवाले, मग फौजदार, मग काकूंचा इंदूरचा भाचा. प्रत्येकाला काका तेच सांगत होते : "मी आहे. मी खुर्द. ते बुद्रुक." मी जाऊन शेजारी बसलो. वही मांडीवर उघडी, पण लिहीत काहीच नव्हते.

दुपारी एक फोन आला. खेड्यातला आवाज, म्हातारा, लांबून बोलल्यासारखा. जुन्या कुठल्या तरी चिठोऱ्यावरचा नंबर त्यानं जपून ठेवला असणार.

"शरद जोशी हायेत का?"

आता 'कोणते?' येणार, म्हणून मी सवयीनं वाट पाहिली. काकांनी तोंड उघडलं, मिटलं. खिडकीकडे बघितलं.

"नाहीत," म्हणाले, आणि फोन अलगद ठेवला.

संध्याकाळी काकूंनी विषय बदलायचा म्हणून म्हटलं, "उद्या परवा बँकेत जाऊन या हं. नाहीतर पेन्शन बंद करून बसतील." हयातीचा दाखला काकांनी नोव्हेंबरातच दिला होता. तरी सोमवारी गेले. मीही बरोबर गेलो. काउंटरवरच्या मुलीनं संगणकात बघितलं. "आजोबा, तुमचा दाखला आलाय की. शरद जोशी, हयात."

"तो नोव्हेंबरातला. मधे बरंच झालंय. पुन्हा घ्या."

वाद घालण्यापेक्षा फॉर्म देणं सोपं, हे त्या मुलीला अनुभवानं माहीत असावं. काकांनी चष्मा नाकावर आणला आणि फॉर्म नेहमीप्रमाणे खालून वर वाचला. तारीख, ठिकाण, खाते क्रमांक. सगळ्यात शेवटी वरची ओळ आली : 'मी, ______, हयात आहे.' गाळलेल्या जागेत त्यांनी ठळक अक्षरात शरद जोशी लिहिलं. कंसात काही लिहिलं नाही. मग पेन धरून बघतच राहिले.

"सही करा ना, आजोबा. मागे रांग आहे."

"करतो, बाळ. आज सगळ्यांच्या वतीनं करायची आहे, जरा जागा कमी पडतेय."

आणि केली. चौकटीतून निघाली, समासात गेली, थेट बँकेच्या शिक्क्याच्या जागेपर्यंत.